रॉबिनचा तिसरा सूर

पार्सिपनी, मंगळवार संध्याकाळ

लायब्ररीत जुन्या पेपरांतल्या जहाजांच्या जाहिराती टाइप करायच्या होत्या, आणि मी दोनशे वर्षांपूर्वीच्या एका वाचकाच्या पत्रात अडकलो. तो लिहितो, रॉबिन पक्ष्याचा तिसरा सूर पियानोवर सापडत नाही, कारण तो निसर्गाचा आहे. थापा? आणि असल्या तरी मला काय? उद्या ही नोकरी सोडून देशाच्या दुसऱ्या टोकाला, बॉथेलला मित्राकडे जायचंय. ही वर्षातली तिसरी नोकरी.

तरी घरी येऊन, मी ज्यांच्याकडे राहतो त्या काकूंची पेटी काढलीच. खिडकीबाहेर रॉबिन गात होता. तिसरा सूर खरंच कुठल्याच पट्टीवर मिळेना.

काकू कणीक मळता मळता म्हणाल्या, "पेटीला काय छळतोस? दोन पट्ट्यांच्या मधला आहे तो." आणि सहज गाऊन दाखवला. अगदी तोच. म्हणजे पत्रवाला खरं लिहीत होता, आणि एवढ्या वर्षांत ते ताडून बघणारे आम्ही दोघंच की काय.

"आता हे तरी पुरं कर," काकू म्हणाल्या.

लायब्ररीतल्या त्या पेपरच्या पुढच्या अंकांत कुणी त्याला खोटं पाडलंय का, ते शोधायला हवं. मित्राला कळवलं, बॉथेल कॅन्सल.

"यार, एका पक्ष्यासाठी?"

मी हो म्हटलं.