मुलीच्या आधी मी

मी, खाली सही करणारा, धंदा पाट्या रंगवण्याचा, वय बावन्न, हे मृत्युपत्र स्वखुशीने लिहीत आहे. डोकं ठिकाणावर आहे; डॉक्टरांचा दाखला जोडला आहे, कारण आमच्या प्रार्थनाघराच्या मंडळीत याबाबत दोन मतं आहेत. प्रकृती ठणठणीत. मरायची घाई नाही. घाई एवढीच की माझी एकुलती एक मुलगी, वय चोवीस, उद्या सकाळी आठला सैन्यात रुजू होते आहे, आणि तिथल्या फॉर्मवर तिने वारस म्हणून माझं नाव लिहिलं आहे. हा क्रम मला मान्य नाही.

१. दुकान, मागची खोली, शिडी आणि बँकेत असेल ते सर्व मुलीला. ब्रशही तिलाच. तिचा हात माझ्यापेक्षा सरळ आहे. हे तिच्या तोंडावर कधी म्हटलं नाही. इथे कायद्याने म्हणतो.

२. प्रार्थनाघरातला शेवटल्या काळाचा, म्हणजे जगाच्या अंताच्या भाकितांचा, तक्ता माझ्या मालकीचा आहे. त्यावर श्वापदं आहेत, कर्णे आहेत आणि वरच्या कोपऱ्यात 'उत्तरेचा शत्रू' अशी चौकट आहे. चौकटीत देशाचं नाव. ते मुलीचा मामा सांगतो, मी रंगवतो. मामा म्हणजे माझा मेव्हणा. मंडळीतला वडीलधारा, दर बुधवारी भाकितांचा वर्ग घेतो. वीस वर्षांत मी त्या चौकटीतले चार देश खरवडले. पहिला आता आपला मित्र आहे. दुसऱ्याचे दोन तुकडे झाले. तिसऱ्याला कुणी विचारत नाही. चौथ्याचा रंग वाळायच्या आत तह झाला. दर वेळी मी विचारलं, "नक्की ना रे? ऑइल पेंट आहे." दर वेळी उत्तर तेच, "दाजी, या खेपेला नक्की."

पाचवा देश, ज्याच्याशी आता युद्ध पेटलं आहे, तो मुलीने रंगवला. शिडीवरून उतरली आणि म्हणाली, "बाबा, मी भरती होते. मामा म्हणतो हे युद्ध देवाने ठरवलेलं आहे. मग घरी बसून बघायचं?"

"ठरलेलंच आहे तर तुझ्यावाचून अडलंय कुठे?"

"तुम्हाला प्रत्येक वेळी चेष्टाच सुचते."

खरं आहे. त्या दिवशी दुसरं काही सुचलं नाही.

माझ्यानंतर तक्ता उतरवावा. लाकूड चांगलं आहे. मंडळीने बाक करावा.

३. माझ्या दिवंगत पत्नीचं पवित्र शास्त्र मामाला. ती त्याची थोरली बहीण. तीही भाकितांची तीच पानं वाचायची. समासात तिने पेन्सिलीने लिहिलं आहे: 'भाकीत सावध करायला असतं, भरती करायला नसतं.' हे तिने त्याला दोनदा सुनावलंही. त्याने मनावर घेतलं नाही. तरी माणूस वाईट नाही. तिच्या आजारपणात सात महिने तोच तिला उचलून गाडीत बसवायचा. मी शिडीवर असायचो. मुलीला सायकल त्यानेच शिकवली. म्हणून तर ती त्याचं ऐकते. त्याच्यावरचा माझा राग मी कुणाच्याही नावे करत नाही. बरोबर नेतो.

४. वकील म्हणाले, मुलगी तुमच्याआधी गेली तर काय, ते राहिलं. मी म्हटलं, राहू द्या. ते म्हणाले, "रिकामं ठेवता येत नाही हो." म्हणून लिहितो. माझी मुलगी या युद्धात माझ्याआधी मरण पावल्यास माझं सर्व तिच्या मामाला मिळावं. दुकान, ब्रश, खोली, आणि संध्याकाळी त्या खोलीत एकट्याने बसणंही.

ठिकाण: दुकानामागची खोली. गुरुवार, दुपारचे तीन. सही: पेंटर.

साक्षीदार एक: वकिलांचे कारकून. सर्व पानांवर सही.

साक्षीदार दोन: शेजारचे न्हावी. सर्व पानांवर सही.

साक्षीदार तीन: मुलीचा मामा. लाभ होणाऱ्याने साक्षीदार होऊ नये, असं वकील म्हणाले. मी विचारलं, यात लाभ कुठला? पहिल्या दोन पानांवर त्याची सही आहे. तिसऱ्यावर, चौथ्या कलमाशी, तो थांबला. "दाजी, हे खोडा."

"लिहिलेलं चुकत नाही, असं बुधवारी तूच म्हणालास."

"ते वेगळं."

"कसं वेगळं, ते तिला सांग."

पेन ठेवून तो पुढे दुकानात गेला. मुलगी तिथे बॅग भरते आहे. वकील घड्याळ बघत आहेत. पार्टिशनमधून तिचा आवाज येतो आहे, "मग बुधवारी काय सांगत होतास, मामा?" तिसरं पान उघडं ठेवलं आहे.