अभिजितच्या जॅकेटवरचं नाव

ओंगार, डब्लिन
१० फेब्रुवारी २०१९

ती. नंदाताईस,
सुरेखाचा सा. न. वि. वि.

फोन असताना पत्र कशाला, असं तुझ्याशेजारी बसून आमचे शिरीष म्हणत असतील. त्यांना सांग, फोनवर बोलताना इथे सगळे आसपास असतात.

अभिजित बेलफास्टच्या आइस हॉकी संघाचा फिजिओ झाला, हे तुला माहीत आहेच. इथून दोन तासांचा रस्ता. सामन्याच्या दिवशी जाऊन-येऊन पार गळून जातो. ते धिप्पाड गडी बर्फावर हातमोजे फेकून खरीखुरी मारामारी करतात, आणि पंच बघत उभे! फाटलेल्या जर्सी अभिजित पिशवी भरून आणतो, मी शिवून देते. साहित्य सांभाळणारा टॉमी दर वेळी ‘ग्रँड’, म्हणजे झकास, असा निरोप धाडतो. अभिजितच्या जॅकेटवर त्याचं नावही मीच शिवलं, शाळेत आयरिश सिस्टर बर्नाडेटनी शिकवलेल्या दुहेरी टिपेनं. आठवतं, त्या कपाटाला ‘प्रेस’ म्हणायच्या? इथे सगळेच म्हणतात. प्रेस उघडली की मला आपला शिवणाचा तास आठवतो.

एक मात्र मनाला लागून राहिलंय. अभिजितचा करार एप्रिलपर्यंतचाच आहे. इथून जवळच्या नास गावच्या हॉस्पिटलात त्याला कायमची जागा मिळत होती. स्वप्नाली नवऱ्याला म्हणाली, घे. तो म्हणाला, आम्ही जिंकणार, मग मला कोण सोडतंय? मला विचारलं, आई, तू सांग. चेहरा इतका उजळला होता ताई, मी म्हणाले, तुझं मन म्हणेल तसं कर. त्यानं नासला नकार कळवला. तेव्हापासून स्वप्नाली माझ्याशी चहापुरतंच बोलते.

तुझं मत लिही. लोभ आहेच, तो मागत नाही.

तुझी
सुरेखा

पुणे
२४ फेब्रुवारी २०१९

चि. सुरेखास,
अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. शिरीषराव दुपारी माझ्याकडे जेवतात आणि आमटीत गूळ कमी आहे असं रोज सांगतात. तुझा नवरा तू लवकर घेऊन जा बाई.

रागावू नकोस, पण तू चुकलीस. अभी चाळिशीला आला, हा रस्ता त्याला किती वर्षं झेपणार? स्वप्नालीचं बरोबर होतं, आणि तुलाही ते कळत होतं. नापास झालेला पेपर तो तुझ्या शिवणाच्या डब्यात लपवायचा, आणि तू मुकाट्यानं सही करून त्याच्या दप्तरात सरकवायचीस. एक शब्द तू बोलत नव्हतीस, ना तो. तेव्हाही मला ते पटलं नव्हतं.

असो. आता जिंकू देत एकदाचे. आपल्या गणपतीला बर्फावरचा खेळ कळतो की नाही कोण जाणे, पण सांगून ठेवलंय.

मोठी आहे म्हणून बोलले, माया कमी करू नकोस.

तुझी
नंदाताई

ओंगार
१ एप्रिल २०१९

ती. नंदाताईस,
सा. न. वि. वि.

जिंकले! मी स्वतः पाहायला गेले होते, दोन स्वेटर आणि शिरीषची कानटोपी घालून. सगळ्या जर्सी मी शिवलेल्या, त्यामुळे कोणी पडलं की मला आधी शिवण दिसायची. शेवटी अभिजितच्या हातात चषक दिला, तेव्हा आजूबाजूच्या अनोळखी बायकांनी मलाच मिठ्या मारल्या.

पण घरी आला आणि बूट न काढता सोफ्यावरच झोपला. केस किती पांढरे झालेत त्याचे, मला त्या दिवशी दिसलं. स्वप्नालीनं बूट काढले, पांघरूण घातलं. पुढचा करार अजून हातात नाही. बोलावतील, म्हणतो.

पत्राची वाट पाहते.

तुझी
सुरेखा

ओंगार
५ मे २०१९

ती. नंदाताईस,
सा. न. वि. वि.

मोसम संपला आणि संघ पांगला. बहुतेकांचे करार वर्षाचेच असतात, हे मला ठाऊकच नव्हतं. मला वाटायचं, जिंकलेली मुलं पुन्हा तीच येतील. टॉमीची शेवटची पिशवी आली, जर्सींवरची नावं उसवायची म्हणून. मशीनची टीप, झरझर निघाली. बावीस नावं उसवली. तळाशी अभिजितचं जॅकेट होतं, नीट घडी घातलेलं. टॉमी कधी घडी घालत नाही, ताई. ती अभिजितची घडी होती.

तो पेपर, तो डबा, सगळं आठवलं.

या वेळी मुकाट्यानं सही केली नाही. जॅकेट घेऊन स्वयंपाकघरात गेले. दोघंही तिथेच होते. म्हटलं, नासला नाही म्हणण्यात माझाही हात होता, आणि मी चुकले. अभिजित खिडकीबाहेर बघत म्हणाला की आठवडा झाला कळून, पुढच्या वर्षी दुसरा फिजिओ येणार. स्वप्नाली खुर्ची ओढून माझ्याशेजारी बसली आणि मला उसवता यावं म्हणून जॅकेटचा खांदा ताणून धरला.

एक तास लागला. अभिजित समोर बसून बघत होता. मध्येच म्हणाला, आई, इतकं पक्कं कशाला शिवलंस?

लिमरिकच्या हॉस्पिटलचा अर्ज स्वप्नालीनं आधीच काढून ठेवला होता. काल दोघांनी बसून भरला.

मी पंधराला निघते. आमटीत गूळ आता मी घालीन. जॅकेटवरचं नाव गेलं, पण सुईची भोकं तशीच आहेत. उजेडाकडे धरलं की वाचता येतं. अभिजित ते तसंच घालून दूध आणायला गेलाय.

आहेस तशीच राहा, बोलत राहा.

तुझी
सुरेखा