खुंटी क्रमांक एक

३ जून
पोहोचले. वायंगापू बंदराहून ट्रकनं पाच तास, उपकरणं शाबूत. टेकडीवर उभ्या दगडांचं कडं, त्याला लागून ओसाड जुन्या गावाचे चौथरे. दगड एकोणीस, चौथरेही एकोणीस. नकाशाला सहा दिवस पुरेत. खालच्या गावात रांबू लिकांकडे उतरले आहे. त्यांनी पान-सुपारी पुढे केली, मी चघळली. शहरातल्या पोरीलाही दात रंगवता येतात की, असं म्हणून खूप हसल्या. मक्याचा भात छान होता.

४ जून
चौथऱ्यांमधल्या मोकळ्या जागेत पहिली लाकडी खुंटी ठोकली. सगळी मापं तिथूनच. जमिनीच्या वर पाच सेंटिमीटर ठेवली. गावचे पुजारी उंबू मेहा धावत आले. जुन्या गावात खुंटी ठोकली की घर मांडलं, आणि घर मांडलं की घरधन्याचा दगड आला, म्हणाले. ठोकणाऱ्यानंच ती दिवस मावळायच्या आत उपटायची. काम संपल्यावर काढीन, असं मी सांगितलं. ते म्हणाले, नोना, अगं पोरी, शाळेत गेलीस तेव्हा कान घरीच ठेवले होतेस का?

५ जून
खुंटी चौदा सेंटिमीटर वर. माझ्या नोंदीत चूक असावी.
पुन्हा मोजली. चूक नाही.

६ जून
खुंटीखालून दगडाचा माथा वर आला आहे. खुंटी त्यात घट्ट. हातांनी ओढली, पहारीनं उचकटली; हलली नाही. रांबू लिकांनी माझी पिशवी कुंपणाबाहेर टाकली. तुझं घर वर आहे, तिकडेच चूल मांड, म्हणाल्या. पाणीसुद्धा दिलं नाही. ट्रक नऊ तारखेला.

७ जून
दगड एक मीटर दोन सेंटिमीटर. पायीच निघाले. वाटेवर पुरुषांनी भाले आडवे धरले. वरचं माणूस खाली आलं तर आमची घरं वर जातील, फीर माघारी, असं उंबू मेहा ओरडले. फिरले. गुडघ्यांपर्यंत पाय बधिर.

८ जून
एक मीटर एकोणसाठ. तिथंच थांबला.
माझी उंची—
कमरेखाली काही कळत नाही. चौथऱ्याला टेकून लिहिते. दगड चार पावलांवर.

९ जून
खाली ट्रकचा हॉर्न. ओरडले— आवाज निघाला नाही. ट्रक गेला.
गावातले सगळे वर आले. मी तिथं नसल्यासारखे माझ्या शेजारून गेले. कुणी पाहिलं नाही. पान-सुपारी त्या नव्या दगडापुढे. रांबू लिका दगडाला म्हणाल्या, खा बाई, पोटभर खा, पण खाली येऊ नकोस. मग बोटानं चुना लावला, दगडाला, तोंड असतं तिथे—
माझे ओठ— चुना— जीभ भाज