नव्वद लाख ब्याऐंशी हजार नऊ

अप्पा, तुम्हांला जाऊन दहा वर्षं होत आली, आता सांगायला हरकत नाही. ९०८२००९ ही मूळ संख्या नाही.

सप्तापूरच्या घरी माझं लग्न ठरत आलं होतं. मुलगा कलघटगीच्या हायस्कुलात कन्नड शिकवत होता आणि तुमची बहीण, माझी आत्या, पत्रिकेसाठी अडून बसली होती. तुम्ही कॉलेजात गणिताचे प्राध्यापक. पत्रिकेचं नाव काढलं की तुमचं डोकं फिरायचं. शेवटी वैतागून म्हणालात, "आय्तु, ठीक आहे, जुळवून बघूया की. पण माझ्या पद्धतीनं." माझी नऊ ऑगस्ट, त्याची वीस सप्टेंबर. तारीख आणि महिना शेजारी शेजारी मांडलेत, पुढचं शून्य उडवलंत. या संख्येला एक आणि ती स्वतः सोडून कशानंही भाग गेला नाही तर लग्न, गेला तर दुसरं स्थळ. आत्याला चिडवायला काढलेली ही टूम संध्याकाळपर्यंत तुमचा शब्द होऊन बसली, आणि शब्द फिरवणं तुमच्या रक्तात नव्हतं. आणि मला तर तो भारी आवडला होता.

कॅल्क्युलेटर कपाटात कुलपात गेला. हजारापर्यंतच्या मूळ संख्यांनी तुम्ही भागायचं, पुढे वर्गमुळापर्यंत, म्हणजे तीन हजार तेरापर्यंत मी, अशी वाटणी झाली. तुम्ही परीक्षेच्या सुपरव्हिजनला बसल्या बसल्या एकशे अडुसष्ट भागाकार संपवलेत. एकही निःशेष गेला नाही. मी स्वयंपाकघरात बसते, एकीकडे भाकरी, एकीकडे वही. माझी पहिलीच संख्या १००९. नऊ हजारांचा भाग लावते आणि खाली उरतात बरोबर एक हजार नऊ. तव्यावरची भाकरी करपली. तीनदा केलं, बाकी शून्यच. लहानपणी खोटी बाकी लिहिली म्हणून तुम्ही मला भरल्या पानावरून उठवलं होतंत, तेही आठवलं. तरी मी बाकी नऊ लिहिली. मग पापक्षालन म्हणून उरलेले अडीचशेच्या वर भागाकार अगदी प्रामाणिकपणे केले. तुम्ही त्यांतले चार-पाच तपासलेत. पहिला सोडलात; पहिलाच कोण चुकतंय, म्हणालात.

लग्नात सगळे भांड्यांवर नावं घालून देतात. तुम्ही सुभाष रोडवरच्या भांड्यांच्या दुकानात पातेल्यावर ९०८२००९ कोरून घेतलंत, आणि पुढे दरवर्षी फळ्यावर लिहून पोरांना सांगत राहिलात, ही माझ्या लेकीची मूळ संख्या. याची मात्र मला खरंच लाज वाटते.

माफी मागायला बसले होते, पण अर्धीच मागता येतेय. तुमच्याशी खोटं बोलले याचं वाईट वाटतं. लग्न झालं याचं एक दिवसही वाटलं नाही. अडचण आहे ती नवऱ्याची. मी केवळ तुमच्या शब्दाखातर हो म्हटलं, असं तो अजून समजतो, आणि मी तसं समजू दिलंय, त्यामुळे घरात माझं बरं चालतं. खरं कळलं तर तो जन्मभर डोक्यावर चढून बसेल. फाटकाशी त्याची स्कूटर थांबली, अप्पा. हे पत्र फाडते आता.