झरीच्या बन्सीधरकाकांचा सायलेन्सर

बोरी, मंगळवार, दुपार

तीर्थरूप शिवरुद्रमामा यांना भाचा श्रीशैलचा शरणार्थ. महानंदामामींनाही तोच, फक्त थोडा मोठ्या आवाजात वाचून दाखवा, म्हणजे स्वयंपाकघरापर्यंत पोचेल. तुमची शुगर आता कशी आहे? लातुरात सकाळी फिरायला जायलाव की नुसते बूट घालून ओट्यावर बसायलाव, ते खरं कळवा. इकडे तुमची भाचेसून त्रिवेणी मजेत, दुकान बरं, सोयाबीन गुडघ्याएवढं. फोन केला असता, पण फोनवर तुम्हाला अर्धं ऐकू येतं आणि उरलेलं अर्धं मामी स्वतःच्या मनानं जुळवून सांगतात. हा विषय तसा जुळवण्यातला नाही. म्हणून कागद घेतला आहे.

विषय तुमी मला दिलेल्या जुन्या साडेतीनशे सीसीच्या मोटारसायकलचा आहे. यंदा तिचा सायलेन्सर खालून सडला आणि गाडी दळणाच्या गिरणीसारखी वाजायला लागली, म्हणून परभणीला सिद्धोधनच्या गॅरेजला गेलो. (सिद्धोधन म्हणजे कमी बोलणारा, हात स्वच्छ ठेवणारा मिस्त्री. असे दोन्ही गुण एका मिस्त्रीत मी पहिल्यांदा बघितले.) भिंतीवर तीन सायलेन्सर टांगलेले होते. पहिला आखूड, त्याचा आवाज पाथरीपर्यंत गेला असता आणि येताना पोलीस घेऊन आला असता. दुसरा लांब, चकचकीत, पण हातात घेतला तर पत्र्याच्या डब्यासारखा हलका. तिसरा काळपट, जाड लोखंडाचा, पोटाला एक पोचा पडलेला. सिद्धोधन म्हणाला, तो वापरलेला आहे, तो राहू द्या. आता मामा, मीही दुकानदार आहे. चांगला माल ओळखीच्या गिऱ्हाइकासाठी ठेवायचा असला की मीसुद्धा "तो राहू द्या" म्हणतो. मी तोच उतरवायला लावला. भिंत सावलीत होती, पंखा सुरू होता, तरी तो हाताला कोमट लागला. आत्ताच कुणीतरी गाडी बंद करून ठेवावी तसा. मी म्हटलं, लोखंड असेल तसं.

सायलेन्सर बदलला की काम संपलं, अशी माझी समजूत होती. सिद्धोधन म्हणाला, गाडी आता मोकळा श्वास सोडायलीय, तर तिला पेट्रोलही त्या मानानं वाढवून द्यावं लागेल. नाहीतर आत हवा जास्त, पेट्रोल कमी, इंजिन तापणार आणि रेस सोडली की मागं बार उडणार. त्यासाठी कार्बोरेटरमधला जेट, म्हणजे बारीक भोकाचा पितळी स्क्रू, मोठ्या भोकाचा बसवायचा. मी म्हटलं आधी चालवून तर बघू. (ही घाई मला तुमच्या बहिणीकडून आली आहे.) झरीच्या अलीकडं रेस सोडली आणि मागं असा बार उडाला की समोरून येणाऱ्या वरातीतला बँडवाला वाजवायचं थांबून माझ्याकडं आदरानं बघायला लागला. प्लग काढला तर खडूसारखा पांढरा, म्हणजे पेट्रोल कमीच पडत होतं. दुसऱ्या दिवशी मोठा जेट बसवला, तर तो नको इतका मोठा निघाला. माझ्यामागं बजरंग डेअरीवाला पांढऱ्या शर्टात निघाला होता, तो बोरीला माझ्या धुरानं राखाडी होऊन पोचला आणि अजून माझ्याशी बोलत नाही. तिसऱ्या खेपेला मधला जेट बसला. गाडी लोण्यासारखी चालायला लागली आणि तिला आवाज आला. तीन ठोके, मग किंचित थांबायचं, जसा घसा साफ करतोय कुणी, मग परत तीन ठोके. सिद्धोधननं मान खाली घालून तो आवाज ऐकला आणि आत निघून गेला. काम झाल्यावर मिस्त्री खुश होतो, हा झाला नाही.

त्या दिवशी बरोबर चारला मी झरीतून येत होतो. रस्त्याकडेच्या एका घराचं फाटक उघडलं आणि एक म्हातारी हातात पाण्याचा तांब्या घेऊन आडवी आली. मी गाडी हळू केली. माझ्या खांद्याच्या वीतभर बाजूला बघत ती म्हणाली, "लय उशीर केलात." मी म्हटलं, आजी, मी बोरीचा श्रीशैल, दुकानवाला. "तुमाला न्हाई मनले," ती म्हणाली, आणि तांब्या माझ्या मागच्या बाजूला धरला. मामा, मी गिअर टाकला. पण आरशात बघायचा मोह झाला. तांब्या तिरका झालेला होता, पाणी पडताना दिसत होतं, आणि खाली माती कोरडी होती.

घरी आलो तर त्रिवेणी ओट्यावर. म्हणाली, मागं कोण होतं, वळणावर दोघं दिसलात. मी म्हटलं, पोतं होतं. पोत्यानं टोपी घातली होती का, असं तिनं विचारलं, आणि तेव्हापासून ती माझ्या गाडीवर बसलेली नाही. मलाही गाडी जड लागायला लागली. चढाला दम खायची. स्टँडवर लावली तरी मागून बसलेलीच. मी परत परभणी गाठली. सिद्धोधननं प्लग काढला, मागचं टायर बघितलं, स्प्रिंगवर बोट ठेवलं आणि म्हणाला, "शेट, डबलशीट चालवायलाव का?" मी म्हटलं, एकटाच असतो. तो म्हणाला, "प्लग तसं मनत न्हाई."

मग त्यानं चहा मागवला आणि सांगितलं. हा सायलेन्सर झरीच्या बन्सीधरकाकांचा. पाण्याच्या मोटारी दुरुस्त करत हिंडायचे, पण चारचा चहा घरीच. सहा वर्षांमागं गाडी दाखवायला इथंच आले, या बाकड्यावर टेकले, म्हणाले, आवाज तेवढा बिघडवू नको रे, तिला लांबून कळतं. सिद्धोधन पाना घेऊन वळेपर्यंत गेले. प्रेत जीपमधून नेलं. गाडी पुढं कुणीतरी घेतली, त्याला दुसरा सायलेन्सर हवा होता, म्हणून हा भिंतीवर राहिला. आणि तेव्हापासून, सिद्धोधन म्हणाला, चारच्या सुमाराला हे बाकडं कुणी न बसता करकरायचं. तुमची गाडी गेली त्या दिवसापासून करकरत न्हाई. एवढं बोलून त्यानं बशीतला चहा संपवला आणि हात पुसले. मी म्हटलं, मग मला आधी का नाही सांगितलंस? तो म्हणाला, "राहू द्या मनलो होतो की."

सायलेन्सर काढून ठेवावा असं माझ्या मनात आलं, खोटं कशाला बोलू. पण काढला तर काका परत बाकड्यावर बसणार, आणि मग त्या म्हातारीच्या फाटकावरून जाणारा माझा परभणीचा रस्ता कायमचा बंद. गाडी घेऊन सरळ झरीला आलो. चारला पाच कमी होते. फाटकात नर्मदाबाई (म्हणजे तीच म्हातारी, काकांची बायको) आणि त्यांची सून अर्पिता उभ्या होत्या. अर्पितानं मला बाजूला घेऊन माफी मागितली. म्हणाली, सासूबाई असंच करतात, मनावर घेऊ नका, सहा वर्षं झाली, रात्री दाराची कडी घालू देत नाहीत, म्हणतात माणूस बाहेर आहे. "जीपीत आणलेलं त्ये न्हाईत," नर्मदाबाई म्हणाल्या, "त्येन्ला जीपीची लय चीड. आन तुमी परवा पानी तेवढं पिऊ दिलं, उतरू न्हाई दिलं." मला मामा, लाज वाटली. भीती होतीच, पण लाज जास्त वाटली. मी गाडी फाटकाच्या आत घेतली, बंद केली, आणि हँडल घट्ट धरून पुढं बघत बसलो. नर्मदाबाई जवळ आल्या आणि हळू आवाजात म्हणाल्या, "उतरा आता. घर आलं."

मागची स्प्रिंग करकरली आणि गाडी चार बोटं वर आली. अर्पिताच्या हातातला मोबाईल खाली पडला, तिनं तो उचलला नाही. नर्मदाबाई कुणाला तरी हाताला धरून नेतात तशा सावकाश चालत घरात गेल्या, उंबऱ्यापाशी थांबल्या, मग आत. दार लागलं. आणि आतून कडी घातल्याचा आवाज आला, भर दुपारी. मी तिथंच बसून डोळे पुसले. (हे मामींना वाचून दाखवू नका.)

आता गाडी हलकी आहे, प्लग भाजलेल्या शेंगदाण्याच्या सालीसारखा तांबूस, चढाला कुरकुर नाही. झरीतून चारला जातो, फाटक बंद असतं, आतून कपबशीचा आवाज येतो. सगळं मार्गी लागलं. मामींना पुन्हा शरणार्थ, आणि ते बूट घालून जरा चालत जा.

तुमचा
श्रीशैल

ता. क. : खरं काम लिहायचं राहिलं. त्रिवेणीचा अजून विश्वास बसत नाही, आणि रविवारी पाथरीला तिच्या मावशीकडं जायचं आहे. तुमी सोमवारी येणार होतात, त्याऐवजी शनिवारी या, आणि तिच्या डोळ्यांदेखत माझ्यामागं बसून बोरीला एक चक्कर मारा. तुमच्यासारखा भारदस्त माणूस मागं मावला म्हणजे सीट रिकामी आहे, हे तिला पटेल.

ता. क. २ : पाकीट चिकटवत होतो तेवढ्यात अर्पिताचा फोन आला. नर्मदाबाईंचं आणि काकांचं सकाळपासून वाजलंय. सहा वर्षांचं बोलायचं राहिलेलं एकदम निघालं, त्यात त्या म्हणाल्या चहा तुमच्याच उशिराच्या सवयीनं बिघडला. काका रागानं बाहेर पडलेत. नर्मदाबाईंचा निरोप असा, की ते दुसरीकडं कुठं जायचे नाहीत, बोरीला दुकानावरच येतील, राग शांत झाला की आणून सोडा. दुकानात आत्ता कुणी गिऱ्हाईक नाही, मामा, आणि काउंटरसमोरचं स्टूल मघाशी भिंतीला टेकलेलं होतं, ते आता माझ्यासमोर काउंटरला येऊन लागलंय. तेव्हा शनिवारी येऊ नका. मागं जागा नाही.