मायची उलटी अक्षरं

८ जानेवारी १९७८, रविवार

सगळं उलटं छापलं! अख्खा शर्ट गेला!

सहदेवदादा काल सुरतेहून सुट्टीवर आला. तिथं साड्या छापायच्या कारखान्यात असतो. येताना टेरिलीनचे तेरा पांढरे शर्ट आणले — बिनकॉलरचे, अर्ध्या बाह्यांचे, डोक्यातून घालायचे. तिकडे टी-शर्ट म्हणतात. सोबत निळ्या रंगाचा डबा. आमच्या शाळेच्या खो-खोच्या मुलींसाठी. मीच पत्रात लिहिलं होतं — गेल्या वर्षी पोरी बुलडाण्याला रंगीबेरंगी परकर-पोलक्यांत उतरल्या अन् समोरची शाळा ‘वऱ्हाड आलं, वऱ्हाड आलं’ म्हणून हसत सुटली. आमची पुष्पा तर पळता पळता रडली. शिवण शिकवणारी बाई म्हणून मला जास्तच लागलं ते.

दादाची युक्ती अशी: ब्रशनं कागदावर लिहायचं, वाळू द्यायचं, कागद शर्टावर पालथा घालून वरून कडक गरम इस्त्री दाबून धरायची. रंगाची वाफ होते अन् ती सरळ धाग्यात शिरते. कागदावर मळकट दिसणारा निळा कापडावर मोरपिसासारखा उमटतो. उमटलाही! पण मी गावाचं नाव, ‘धामणगाव बढे’, सरळ लिहिलं होतं. पालथं घातल्यावर ते आरशातलं झालं.

‘सांगतलं होतं नं तुले, उलटं लिहाचं म्हणून!’ दादा म्हणतो.

सांगितलं नव्हतं.

९ जानेवारी

साबण, सोडा, दगडावर आपटणं. रंग तसूभर हलला नाही. आता शर्ट बारा. खेळाडूही बाराच.

११ जानेवारी

जमत नाही. रद्दीवर दोन दिवस गिरवते आहे. हात आपोआप सरळ वळतो. ‘ण’ तर ऐकतच नाही. खिडकीला लावून मागून गिरवून पाहिलं — कागद जाड, काही दिसत नाही. इकडे वामनराव हेडमास्तरांना कबूल करून बसले आहे, की सव्वीस जानेवारीला मुली नव्या शर्टांत दिसतील. ते नुसते ‘बघू’ म्हणाले. त्या ‘बघू’चाच राग येतो.

माझ्या जुन्या सुती पोलक्यावरही छापून पाहिलं. धुतल्याबरोबर पाणी निळं, पोलकं कोरं. दादा आता सांगतो — सुताला हा रंग धरत नाही!

१२ जानेवारी

काय लिहू!

संध्याकाळी माय वेचणीहून आली. लुगड्यावर तोच वाया गेलेला शर्ट! कापूस वेचताना बाया जुना सदरा घालतातच, बोंडांनी अंग ओरबाडत नाही. पण हा? उलट्या नावाचा?

‘अख्ख्या वावरात कोणालेच वाचता येत नाही, तं कोण हासते?’ माय म्हणाली. मग माझी रद्दी पाहिली. ‘काय करून राह्यली वं?’

सांगितलं. ‘म्हंजे पालथं पडल्यावर दिसते तसं काढाचं? आण इकडं.’

सरळ लिहिलेला नमुना समोर ठेवला. मायनं उजव्या बाजूनं सुरुवात केली. ‘हा कोण?’ — धा. ‘अन् हा?’ — म. माणसांची ओळख करून घेतल्यासारखी प्रत्येकाला विचारत गेली. न थांबता, न खोडता. दादा आरसा घेऊन धावला. आरशात लख्ख — धामणगाव बढे!

‘माय, मले काऊन नाही जमलं?’

‘तुले वाचता येते नं. ते मंधात येते. मले तं ही चित्रं आहेत.’

१५ जानेवारी, रविवार

छपाईचा दिवस. माय ब्रशवर, मी कागद लावायला, दादा कोळशाच्या इस्त्रीवर. पाण्याचा थेंब टाकायचा. तो चर्र करून उडाला की इस्त्री तयार. बारा शर्ट, पुढं गावाचं नाव, पाठीवर आकडा.

तिसऱ्या शर्टावर माझ्या हातून कागद सरकला. प्रत्येक अक्षराच्या मागं एक फिकट सावली! मला रडूच आलं. माय म्हणाली, ‘रडू नको, हे जाड करू.’ तिनं अक्षरं सावलीसकट झाकतील एवढी रुंद करून नवा कागद काढला. मोजून त्यावरच बसवला. इतका उठून दिसला, की मग बाराही तसेच जाड केले.

एक गंमत. आकडे तिला येतात — बाजारहाट केलाय. पण उलटे काढताना तेच तिला अवघड गेले! ओळखीचे ना.

१७ जानेवारी

दादा सुरतेला गेला. डबा ठेवून गेला. एसटीत बसता बसता मायच्या पाया पडला, मग हळूच मला, ‘आमच्या कारखान्यात असा हात नाही कोणाचा.’

२६ जानेवारी

झेंड्यापुढं बारा पोरी एका ओळीत. निळं-पांढरं! कार्यक्रम संपल्यावर वामनराव सर जवळ आले. पुष्पाच्या शर्टावरून बोट फिरवलं, बोटाकडं पाहिलं.

‘लागत नाही रंग. अक्षर कोणाचं आहे, चांगुणाबाई?’

‘माझ्या मायचं. बनाबाईचं.’

‘किती शिकलेल्या?’

‘शाळेत नाही गेली कधी.’

सरांनी शर्टावरचं नाव पुन्हा एकदा वाचलं. मग ऑफिसातून खुर्ची आणायला लावली, पोरींच्या पालकांच्या मागं उभ्या असलेल्या मायसाठी. माय बसली नाही. पण खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून शेवटपर्यंत उभी राहिली.

३ फेब्रुवारी, शुक्रवार, बुलडाणा

दोन सामने जिंकलो! तिसरा दीड मिनिटाच्या फरकानं गेला. हसलं कोणी नाही — उलट मैदानाबाहेरून ‘ए निळे! भले निळे!’

माय सोबत आली होती. खेळ तिला कळत नाही. ती फक्त पाठी पाहत होती. ‘आपली सात कुठी गेली? — ते पाहा, बसली! — अवं, उठ नं बाई!’ सात म्हणजे पुष्पा. गडी बाद झाला की माय माझा दंड दाबायची. दंड निळा पडलाय — पक्का रंग!

परतीच्या गाडीत पोरींनी शर्ट काढले नाहीत. मळले, घामेजले, तरी नाही. मोताळ्यापर्यंत गाणी. मीही ओरडून म्हटली. बाई आहे हे विसरून.

७ फेब्रुवारी

रोहिणखेडची पोरं सायकलींवर आली. कबड्डीवाली. बुलडाण्याला आमचे शर्ट पाहिले म्हणे. टेरिलीनचं कापड ते मलकापूरहून आणतात, छापून आपण द्यायचं. ‘नवयुवक मंडळ, रोहिणखेड’ पाहिजे.

त्यांच्यातला मोठा मला विचारतो, ‘छापणारे दादा कुठी आहेत?’

मी चुलीकडं बोट दाखवलं. माय भाकर थापत होती. पोरगं ओशाळलं. मायनं हात धुतले, कागद मागितला. पहिलंच अक्षर नवं निघालं. ‘हा कोण?’

‘न.’

‘न,’ माय म्हणाली. दोनदा.

१२ फेब्रुवारी, रविवार

आज मायनं कोणी न सांगता, समोर नमुना न ठेवता, एक छोटा कागद रंगवला. टेरिलीनच्या तुकड्यावर पालथा घातला, इस्त्री दाबली, कागद उचलला.

बना.

मी तुकडा उजेडात धरून वाचला. मग विचारलं, ‘अन् पुढचं बाई, माय?’

‘ई अजून कोण्या गावानं आणलीच नाही वं.’