न चाखलेलं सूप

१२ मे, सोमवार
हिंगाची डबी पिशवीत, ती पिशवी दुसऱ्या पिशवीत, आणि ते गाठोडं बाल्कनीत. तरी केतकीला वास येतोच म्हणे. आज नुसतं वरण लावलं होतं, फोडणी नावालाही नाही. कुकरची शिट्टी झाली आणि ही बाथरूमकडे पळाली. बाहेर आली ती भिंत धरत. "आई, प्लीज. उद्यापासून घरात काही शिजवूच नको."

लेकीला तिसरा महिना संपत आलाय, उलट्या थांबत नाहीत, म्हणून पुण्याहून इथे जपानला आले. बॅगेत मेतकूट, आमसुलं, लोणचं, तूप. सगळं तसंच पडलंय. संध्याकाळी तिच्या डोक्यावरून हात फिरवायला बसले तर तोंड फिरवून म्हणाली, "तुझ्या ओढणीला स्वयंपाकाचा वास येतोय गं." ओढणी धुतली. परत धुतली.

जावई कोनबिनीतल्या, म्हणजे चोवीस तास उघड्या असणाऱ्या दुकानातल्या, भाताच्या त्रिकोणावर दिवस काढतोय. मीही तेच खाते, आत काय आहे ते आधी विचारून.

१४ मे, बुधवार
दवाखाना. डॉक्टरबाई पोरसवदा, मलाही वाकून नमस्कार. के.चं वजन आणखी उतरलंय. लघवीतही काही सापडलं. पोटात अन्न नाही म्हणून अंगातली चरबी जळतेय, असं मंदारने मला समजावलं. (जावई तोंडावर मंदारराव, वहीत नुसता मंदार. आणि केतकी नुसती के.) पुढच्या वेळी असंच दिसलं तर ॲडमिट. बाळाचे ठोके ठीक आहेत. अजून.

"जे पोटात राहील ते खा, काहीही चालेल," असं बाई म्हणाल्या. राहायचं ते एकच. स्टेशनजवळच्या थाई खानावळीतलं आंबट-तिखट सूप. मी यायच्या आधी पोरीने त्यावरच दिवस काढले. आणि आता त्या खानावळीचं शटर खाली. वर चिकटवलेला कागद मंदारने वाचला. मालकीण गावी गेली आहे, कधी उघडणार ते लिहिलेलं नाही. दुसऱ्या हॉटेलातून आणलं तर "हे गोड आहे". पाकिटातलं केलं तर वासानेच बाथरूमकडे पळाली.

डोहाळे म्हणजे काय, कच्ची कैरी, चिंचा, फार तर भेळ. आमच्या लेकीला बंद दुकानातलं सूप.

यांचा पुण्याहून फोन. "तू आहेस ना तिथे, मग मला काळजी नाही." बरं आहे बाई यांचं.

१६ मे, शुक्रवार
मंदारने शोधून काढलं. इथून तिसऱ्या स्टेशनवर, ग्योतोकुला, एक थाई बाई दर शनिवारी स्वयंपाक शिकवते. कोमिनकानमध्ये, म्हणजे आपल्याकडच्या समाजमंदिरासारखं काहीतरी. स्वतःच्या हाताने करायचं आणि तिथेच खायचं. उद्या तेच सूप आहे.

"मी गेलो असतो आई, पण केतकीला एकटं कसं सोडणार? आणि मला कांदासुद्धा..." खरंय. कांदा चिरताना पाहिलंय मी त्याला.

विचारलं, "मंदारराव, त्यात मासे असतात का हो?"
जावई जमिनीकडे बघायला लागला. "कोळंबी असते. आणि एक फिश सॉस."
म्हणजे के. खाते. कधीपासून, ते विचारलं नाही. तिनेही सांगितलं नाही. आमच्या घरात अंडंसुद्धा कधी आलं नाही. राग आला का? आला. पण तिची मनगटं बघितली आणि गिळला.

जाते म्हटलं.

१७ मे, शनिवार
मंदारने गाडीत बसवून दिलं, नोई-सान स्टेशनवर घ्यायला आल्या होत्या. नोई-सान म्हणजे शिकवणारी बाई, सान हे आपल्या ताई-बाईसारखं. नवरा जपानी, बोलणं जपानी, हसणं मात्र आपल्या मंडईतल्या भाजीवालीसारखं मोकळं. मला जपानी, थाई दोन्ही भाषा येत नाहीत, त्यामुळे मी पण हसले. दिवसभर हसूनच गाल दुखले.

सगळ्या बायकांनी डोक्याला बांधायला रुमाल आणले होते. मी ओढणी बांधली. माझ्या ओट्यावर जोडीला सातो-सान, माझ्याच वयाच्या, त्यांनी मागची गाठ नीट करून दिली.

पहिलीच वस्तू हातात दिली ती गवती चहा! आपला, पावसाळ्यात चहात घालतो तोच, फक्त बुंध्याकडचा जाड भाग. ठेचला आणि वास आला तेव्हा इतकं बरं वाटलं. मग आल्याच्या भावासारखं एक मूळ, लिंबाची पानं, मिरच्या. इथवर मी राणी. मग कोळंबी. ती सातो-साननी सोलली, मी खिडकीबाहेर बघितलं. मग ते माशाचं पाणी. बाटली उघडल्यावर मला के.चं दुःख पहिल्यांदा कळलं.

नोई-सान चमचा घेऊन सगळीकडे फिरत होत्या. "आजिमी! आजिमी!" म्हणजे चाखा. मी मान हलवली. त्यांना वाटलं, कळलं नाही. स्वतः चाखून दाखवलं, चमचा माझ्या हातात दिला. मी तो ओट्यावर ठेवला.

कसं सांगणार? एक तर मासे. आणि दुसरं, मी आयुष्यात शिजत्या भांड्यातलं चाखलेलं नाही. आधी नैवेद्य, मग माणसं. चाखलं की उष्टं. मीठ हाताला कळतं, आमटी वासाला कळते. चार माणसांचं असो की चाळीस माणसांचं, माझं मीठ चुकलं असं कोणी म्हटलेलं नाही.

मी चमचे डोळ्यांनी टिपून घेतले, माशाचं पाणी किती, लिंबू किती. नोई-साननी ते पाहिलं आणि फोनमध्ये काहीतरी बोलून फोन मला ऐकवला. फोन हिंदीत म्हणाला की चमचे मोजू नका, प्रत्येक लिंबू वेगळं असतं. मग त्यांनी माझं सूप चाखलं, एक डोळा मिटला आणि भांड्यात काहीतरी घातलं. काय ते पाहिलं. का, ते कळलं नाही.

१८ मे, रविवार
सामान मंदारने आणलं. कोळंबी त्यानेच सोलली, यूट्यूब लावून. फोडणी नाही, तडतड नाही. के. चक्क हॉलमध्ये बसून राहिली, पळाली नाही! मी काल पाहिलं तसंच सगळं केलं, चमच्याला चमचा. मायक्रोवेव्हवर देव आहेत, त्यांच्याकडे पाठ करून केलं.

वाटी पुढे ठेवली. तिने वास घेतला, डोळे मिटले. एक चमचा. आणि बाथरूमकडे पळाली.

आतून आवाज. मी दाराबाहेर उभी. दार उघडलं तर विचारते, "आई, चाखलं होतंस का?"
मी ओट्याकडे वळले.
मंदारने चाखलं. "थोडंसं खारट आहे, आई." तीन पेले पाणी प्यायला. वर लिंबू उकळत्यात पिळल्यामुळे कडू झालं होतं, तेही त्यानेच यूट्यूबवर बघून सांगितलं. खूप हळू आवाजात.

२० मे, मंगळवार
काल-आज दोन्ही दिवस अक्कल लढवली. मासेच नकोत म्हटलं. गवती चहा, आपलं मीठ, लिंबू, मिरची. लहानपणी सर्दी झाली की के. गवती चहाच मागायची, मग तेच हवं असेल पोरीला, थाई-बिई सगळं निमित्त. मनात ही गोष्ट इतकी छान जुळली की मलाच रडू आलं.
के.ने एक घोट घेतला. "हे ते नाही, आई." चिडली नाही, तेच वाईट वाटलं. चिडायची ताकद राहिली नाहीये.

मग मंदारला चाखणारा नेमला, माशाचं पाणी घालून. रविवारी खारट म्हणाला त्याचीच धास्ती, आता त्याला सगळं छानच लागतं. "हेही छान आहे. तेही छान आहे." अशा माणसाबरोबर संसार सुखाचा होतो, सूप होत नाही.

२२ मे, गुरुवार
ॲडमिट केलं. हाताला सलाईन. दोनदा सुई टोचली तेव्हा शीर सापडली.

आपल्याकडे आई उशाशी बसते. मी पिशवीत चादर, पाण्याची बाटली, पोथी घेऊन गेले होते. नर्सने हसून, वाकून, अगदी गोड बोलून मला दाराबाहेर काढलं. दुपारी भेटायची वेळ, तेवढीच. मंदार म्हणाला, "इथे असंच असतं, आई." असंच असतं हे मला कळतं. पण घरी येऊन मी करू काय? शिजवायचं नाही, भरवायचं नाही, उशाशी बसायचं नाही. कचरासुद्धा आज कुठला टाकायचा ते मला वाचता येत नाही. माझं परतीचं तिकीट जूनमधलं आहे.

यांनी विचारलं, "डॉक्टर काय म्हणाले?" म्हटलं, तुम्हीच विचारा जावयाला. फोन ठेवला. मग परत केला. जेवलात का, एवढंच विचारलं.

२४ मे, शनिवार
एकटी गेले. मंदार हॉस्पिटलमध्ये. साधी गाडी, जलद नाही, तिसरं स्टेशन, दार उजवीकडे की डावीकडे ते ऐन वेळी बघायचं. गेले. झालं.

आज हिरवी करी होती. मी नोई-सानपुढे उभी राहिले आणि फोनवरचा के.चा फोटो दाखवला, सलाईनवाला. मग पोटावर हात, तोंडाशी हात. "त्सुवारी," सातो-सान म्हणाल्या. इथे या उलट्यांना असं म्हणतात. सगळ्या बायकांनी एकदमच "आआ" केलं. मग मी खुणेनं सूप दाखवलं आणि मान हलवली, नाही होत मला, नाही जमत. हे सांगायला मात्र भाषा लागली नाही.

नोई-साननी करी सातो-सानवर सोपवली आणि मला कोपऱ्यातल्या शेगडीपाशी नेलं. फ्रीजमधून कोळंबी काढली. सगळं माझ्याकडून करून घेतलं. गॅस बंद केला, मग लिंबू. मग चमचा पुढे.

देवाला म्हटलं, आज आधी मी.

चाखलं. घशापाशी आलं. डोळ्यांतून पाणी, नाकातून पाणी. ओट्याची कड धरून उभी राहिले आणि गिळलं. नोई-सान थांबल्या. चमचा परत बुडवला. परत चाखलं. आणि मला कळलं. आंबट कमी आहे. कुणी सांगितलं नाही, माझं मलाच कळलं. लिंबू पिळलं. परत चाखलं. आता तिखट पुढे जातंय, ते माशाचं पाणी किंचित हवं. माझ्या हाताने घातलं. शेवटी नोई-साननी चाखलं, या वेळी दोन्ही डोळे उघडे होते. पाठीवर थाप मारली.

फार काही मोठं केलं असं वाटलं नाही. बेसिनपाशी जाऊन चूळ भरली आणि मग रडले, नळ सोडून. सातो-साननी स्वतःच्या डोक्याचा रुमाल सोडून माझ्या हातात दिला.

घरी येऊन आंघोळ केली, तरी देवापाशी हात जाईना. दिवा मंदारने लावला. त्याने का म्हणून विचारलं नाही. छान लागतं सगळं त्याला, पण समज आहे.

२५ मे, रविवार
सकाळी घरी केलं. चाखून. थर्मासात भरलं.

नर्स थर्मास घेऊनच गेली, डॉक्टरांना विचारते म्हणून. मी कॉरिडॉरमध्ये, शिक्षा झालेल्या लहान मुलीसारखी हात मांडीवर ठेवून बसले. परत आली. थोडं चालेल म्हणाली.

के.चे ओठ फाटलेत. मी चमचा धरला, तिने माझा हात बाजूला केला आणि स्वतः घेतला. एक. मंदार चमचे मोजत होता. दुसरा. मग चमचा वाटीत तसाच ठेवून माझ्याकडे बघितलं.

"आई, तू चाखलंस?"
"हो."
"कोळंबीचं?"
"हो गं. त्यातलंच."
ती बघत राहिली. मग म्हणाली, "मी तुला सांगणार होते. खाते म्हणून." मी म्हटलं, "गार होईल, पी." तिसरा चमचा घेतला. तेवढ्यात नर्स दारात येऊन वाकली. वेळ संपली.

येताना मंदार गाडीत म्हणाला, "आई, तीन चमचे." मी म्हटलं, नजर लावू नका.

२६ मे, सोमवार
सकाळी मंदारच्या फोनवर के.चा मेसेज. मंदारने वाचून दाखवायच्या आधीच त्याचा चेहरा बघितला.

"आईला सांग, राहिलं नाही. पण सलाईन बदलेपर्यंत राहिलं होतं. डॉक्टर दुपारी परत वजन बघणार आहेत. आज पण आणायला सांग. आंबट थोडं जास्त."

मी एकदा त्यालाच परत वाचायला लावलं.

काल राहिलं नाही, आज तरी कशावरून राहील? कुणाला विचारू? देवाला विचारायचं तर अजून आंघोळ व्हायची आहे. मंदारने कोळंबी सोलून दिली, आज यूट्यूबशिवाय. लिंबं वेगळी आहेत, पातळ सालीची, रस किती निघेल सांगता येत नाही. गॅस बंद केलाय. चमचा घेऊन उभी आहे. आंबट थोडं जास्त म्हणजे किती जास्त, ते आता चाखूनच कळेल.